एक ओळ, आणि दिवसभराचा खोळंबा

डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता मशीनवर बदलायचा, एवढंच काम. कमांडही एका ओळीची. पण ती ओळ ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर सारखी चालेल तर शपथ! नेटश या विंडोजच्या कमांडला अडॅप्टरचं, म्हणजे नेटवर्क जोडणीचं, नाव लागतं आणि ते जागोजागी वेगळं. विंडोज ७ वर 'लोकल एरिया कनेक्शन', १० वर 'इथरनेट', कार्ड बदललं असेल तर 'इथरनेट २', आणि कुणीतरी हौसेनं ठेवलेलं 'ऑफिस नेट' असतंच. नाव जुळलं नाही की स्क्रिप्ट तोंडावर आपटते.

पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड-साधनात चालू अडॅप्टर शोधून काढता येतं, मान्य. पण मशीनचा स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपीच बदलायचा असेल तर 'न्यू-नेटआयपीअ‍ॅड्रेस' ही कमांड जुना पत्ता हटवत नाही, शेजारी नवा आणून बसवते. जुना वेगळा काढा, जुना गेटवेही (बाहेरच्या नेटवर्ककडे जायची वाट) काढा. त्यात हे लांबून करायचं म्हणजे ज्या जोडणीवरून कमांड देतोय तीच मध्येच तुटते. पत्त्यातला नेटवर्कचा भाग ठरवणाऱ्या मास्कमधला एखादा आकडा चुकला की मशीन हाताबाहेर. मग उठा आणि त्या टेबलापर्यंत जा.

हे सगळं का, तर कुणीतरी प्रत्येक मशीनला हातानं पत्ता दिला म्हणून! अरे, मशीनना आपोआप पत्ते वाटणारं डीएचसीपी कशासाठी आहे? ठरावीक पत्ता हवा तर सर्व्हरवर मॅक अ‍ॅड्रेसच्या (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या) नावे राखून ठेवा. डीएनएस एकाच जागी बदला, लीजचं, म्हणजे पत्ता वापरायच्या मुदतीचं, नूतनीकरण झालं की सगळीकडे पोचतो. सांगून सांगून घसा बसला. तरी नवं मशीन आलं की कुणीतरी हातानं पत्ता टाकतोच, वर तो कुठे लिहूनही ठेवत नाही.