‘हरित निविदा म्हणजे उधळपट्टी’: दावा आणि वस्तुस्थिती

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. रस्ते, पूल, पाणीयोजनांच्या निविदेत पर्यावरणाच्या अटी घातल्या की काम महाग होतं, माल कच्चा मिळतो आणि मर्जीतल्या ठेकेदाराला चोरवाट मिळते. म्हणून काम सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. हा पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

‘काम महाग होतं.’ पाणीयोजनेतला पंप घ्या. त्याची किंमत एकदाच मोजायची, विजेचं बिल मात्र पंप चालेल तोवर दरमहा. सतत चालणाऱ्या पंपाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीचा वाटा लहान असतो, मोठा वाटा विजेचा. दर उघडताना स्वस्त दिसलेला, पण जास्त वीज खाणारा पंप हीच खरी उधळपट्टी. ती देखभालीच्या खात्यावर पडते, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही, इतकंच. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी-निर्देशाने बोलींची तुलना जीवनचक्र खर्चावर, म्हणजे खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतच्या एकूण खर्चावर, करायची मुभा दिली आहे.

‘माल कच्चा मिळतो.’ साध्या सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून तो बनतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड जळणातून नव्हे, खुद्द चुनखडीतून निघतो. लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतली धातुमळी, म्हणजे स्लॅग, दळून वापरली की तेवढं क्लिंकर वाचतं. असं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, हे खरं. पुढे ते ही कसर भरून काढतं, आणि खाऱ्या पाण्यात साध्या सिमेंटपेक्षा चांगलं टिकतं. मग ज्या पायावर पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात, त्याचे घन, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, २८ ऐवजी ५६ दिवसांनी तपासायला हरकत काय? साचे लवकर काढायचे असतील तिथे हा आग्रह धरू नये.

‘चोरवाट मिळते.’ ‘पर्यावरणपूरक साहित्य वापरावे’ एवढीच मोघम ओळ घातली तर नक्की मिळते. ती बंद होते मोजमापाने. नेदरलँड्सच्या रायक्सवाटरस्टाट या सरकारी यंत्रणेने आराखड्याचा पर्यावरणीय भार युरोमध्ये काढण्यासाठी ड्युबोकाल्क हे सॉफ्टवेअर तयार केलं. भार जितका कमी, तितकी बोलीत तुलनेपुरती वजावट. ठेकेदाराला पैसे मूळ बोलीप्रमाणेच. हिशेबाची रीत सगळ्यांना आधीच ठाऊक असते. उलट, दर पाडून काम मिळवायचं आणि मग जादा बाबी दाखवून बिल फुगवायचं, ही चोरवाट निव्वळ कमी दराच्या पद्धतीतच रुळलेली आहे.

माझ्या मते खरी कच्ची बाजू या मजकुरात आलेलीच नाही. ती आहे कामावरची तपासणी. स्लॅगच्या गाड्यांच्या पावत्या, काँक्रीट मिसळणाऱ्या बॅचिंग प्लांटच्या नोंदी आणि ठेकेदाराचं बिल यांचा ताळा दर बिलाला घातला पाहिजे, आणि कबूल केलेलं प्रमाण भरलं नाही तर दंड किती, ते निविदेतच लिहिलेलं हवं.