रुळावरच तर चालते ना ती!

ट्रेन ड्रायव्हरच्या पगाराचा आकडा कुठे बाहेर आला की पाठोपाठ ठरलेली कमेंट येतेच, अहो ट्रेनला साधं स्टिअरिंग नसतं, रुळावरच तर चालते, मग बस ड्रायव्हरच्या दुप्पट पगार कशाला? आता बस ड्रायव्हरला कमी मिळतं हे मला शंभर टक्के मान्य आहे, पण हे जे कारण देतात ना ते साफ चुकीचंय. आणि एकदा ते धरून बसलं की भांडण दोन ड्रायव्हरांमध्येच लागतं, बाकी सगळे नामानिराळे.

स्टिअरिंग नाही म्हणून काम सोपं असं नसतं हो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड मुळातच कमी, ताशी १६० किलोमीटरने जाणारी गाडी थांबायला किलोमीटरभर नाहीतर त्याहून जास्त अंतर घेते. म्हणजे समोर काहीतरी दिसलं आणि मग ब्रेक मारला हा प्रकारच नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे ट्रेन ड्रायव्हर डोळ्यांइतकाच आठवणीवर गाडी चालवतो. पुढचा सिग्नल कुठल्या वळणामागे आहे, उतार कुठे सुरू होतो, ओल्या रुळावर ब्रेक किती आधीपासून लावायला घ्यायचा, हे सगळं रात्री, धुक्यात पाठ पाहिजे. ब्रिटनमध्ये नवा ड्रायव्हर तयार व्हायला वर्ष किंवा जास्तच लागतं, आणि प्रत्येक रूट वेगळा शिकून मला हा रूट येतो म्हणून सही करावी लागते. हे नीट झालं नाही तर काय होतं ते ५ ऑक्टोबर १९९९ ला लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला दिसलं. ट्रेन लाल सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रेनवर आदळली, ३१ माणसं गेली. तो ड्रायव्हर पास होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तो सिग्नल नीट दिसत नाही म्हणून आधीपासूनच बदनाम होता, आणि चौकशीत ट्रेनिंगच्या नावानेही भरपूर ठपका आला.

तर ट्रेनवाल्याचा पगार फुकटचा नाही. हे झालं.

आता कधीतरी बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसून बघा. स्टॉपवर गाडी लावायची, दार उघडायचं, तिकीट किंवा कार्ड बघायचं, एकजण मध्येच विचारणार ही गाडी अमुक ठिकाणी जाते का, त्याला उत्तर देता देता डाव्या उजव्या आरशात नजर, मागून कोणीतरी ओरडतंय दार उघडा, बाजूने सायकलवाला घुसतोय, आणि एवढं सगळं करून टाइमटेबल गाठायचं, उशीर झाला की शिव्या यालाच. ट्रेनच्या कॅबचं दार निदान बंद असतं! २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत लंडनचे बस ड्रायव्हर दगावले त्यात हा फरक उघडा पडला, मग एप्रिलमध्ये पुढच्या दाराने प्रवासी घेणं थांबवलं.

लंडनच्याच बसवाल्यांवरचा १९५३ चा एक अभ्यास डॉक्टर लोकांत फार प्रसिद्ध आहे. त्यात डबलडेकरच्या ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त निघाला, कारण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा सारखा जिने चढउतार करणारा. लोक यातून व्यायाम करा एवढंच घेतात. पण नंतर बऱ्याच शहरांत कंडक्टर काढूनच टाकले आणि त्यांचं तिकिटाचं काम त्याच बसलेल्या माणसाच्या गळ्यात मारलं, ते कोणी बोलत नाही.

अजून एक गंमत. युरोपात लांब पल्ल्याच्या बस ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं ब्रेक द्यावाच लागतो, असा कडक नियम आहे. पण ५० किलोमीटरपर्यंतच्या ठरलेल्या रूटवरच्या बसला तो नियम लागूच नाही! म्हणजे हायवेवर सरळ जाणाऱ्याला संरक्षण जास्त आणि शहराच्या ट्रॅफिकमध्ये दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्याला प्रत्येक देशाचा आपापला नियम. ब्रिटनमध्ये तो साडेपाच तासांनी अर्धा तास आहे. कागदावर ठीक वाटतं, पण भर गर्दीत साडेपाच तास काढून दाखवा.

आणि काम जितकं अवघड तितका पगार असं असतं ना, तर आकडे उलटेच दिसले असते. बघा, फ्रान्समध्ये लील शहरात १९८३ पासून ड्रायव्हरशिवाय मेट्रो चालते, पॅरिसची १४ नंबरची लाइन १९९८ ला अशीच सुरू झाली, आणि १ नंबरची तर जुनी, ड्रायव्हर असलेली लाइन, ती २०१२ पर्यंत पूर्ण ऑटोमॅटिक करून टाकली. म्हणजे बंदिस्त रुळावर ड्रायव्हर काढणं चाळीस वर्षांपूर्वीच जमलं. गर्दीच्या रस्त्यावरची बस मात्र आजही जवळपास सगळीकडे माणूसच चालवतोय. मशीनला जे जास्त अवघड जातंय त्याला पैसे कमी!

मग फरक येतो कुठून? माझ्या मते संप केला तर काय काय बंद पडतं आणि बदली माणूस किती दिवसात उभा करता येतो, या दोन गोष्टींतून. बस ड्रायव्हर काही आठवड्यांत तयार होतो, ट्रेनवाल्याला वर्ष लागतं, त्यामुळे तो संपावर बसला की गाडी बसली. ब्रिटनमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. ॲस्लेफ ही ट्रेन ड्रायव्हरांची स्वतःची युनियन १८८० पासून आहे आणि जवळजवळ सगळे ड्रायव्हर तिच्यातच. नव्वदच्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं तेव्हा युनियन मोडेल असं अनेकांना वाटलं असणार, झालं उलटंच, कंपन्या एकमेकांचे तयार ड्रायव्हर पळवायला लागल्या आणि पगार वाढत गेले. बसचं मात्र लंडन सोडून बाकी ठिकाणी ऑक्टोबर १९८६ मध्ये मार्केट खुलं केलं, कोणीही या आणि गाडी चालवा, मग स्पर्धा कशावर होणार? डिझेल तर सगळ्यांना त्याच भावाने, राहिला ड्रायव्हरचा पगार. २०२४ मध्ये मोठ्या संपांनंतर ट्रेन ड्रायव्हरचा सरासरी पगार ६० हजार पाउंडांवरून ६९ हजारांच्या आसपास जाणार अशा बातम्या होत्या, बसवाला साधारण त्याच्या निम्म्यावर.

आणि दुसरीकडे न्यूयॉर्क बघा. तिथे १९३४ ची ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन सबवेवाले, म्हणजे भुयारी रेल्वेवाले, आणि बसवाले दोघांनाही घेऊन बसते. १९६६ च्या जानेवारीत १२ दिवस संप झाला तेव्हा खालच्या गाड्या आणि वरच्या बस एकदमच थांबल्या. तिथे दोघांच्या पगारात फरक आहे पण थोडासाच. कामं तीच, शहर गर्दीचंच, फक्त टेबलावर दोघं एका बाजूला बसलेत.

म्हणून ट्रेनवाल्यांचा पगार कापा म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न, कापलेला पैसा बसवाल्याच्या खिशात जाईल असं तुम्हाला कोणी सांगितलंय का? उद्या ट्रेनवाल्याला कमी मिळायला लागलं तर बसची कंपनी पगार वाढवणार नाही, उलट बघा त्यांचंही कमी झालं म्हणून दाखवेल. आणि सध्या तर बऱ्याच ठिकाणी बस ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून फेऱ्या रद्द होतात, घेतलेला माणूस लायसन हातात आलं, थोडा अनुभव झाला की ट्रेनच्या भरतीचा फॉर्म भरून मोकळा. दोष त्याला कसा देणार, मीही भरला असता.