खुलासा : ‘कादल’ शंकरचा, पण दिग्दर्शन त्याचं नाही

‘कादल’ (2004) हा प्रसिद्ध तमिळ दिग्दर्शक शंकरने दिग्दर्शित केलेला तमिळ सिनेमा, असं सर्रास फॉरवर्ड होतंय. ते चूक आहे. शंकर निर्माता होता. लेखन-दिग्दर्शन बालाजी शक्तिवेलचं, जो आधी शंकरचाच सहाय्यक. शंकर म्हटलं की भव्य सेट आठवतात, म्हणून गोंधळ होत असावा. इथे मात्र कमी खर्च, मदुराईचे खरे रस्ते आणि ग्रीसने माखलेल्या हातांचा मेकॅनिक मुरुगन. मुरुगन साकारणारा भरत तेव्हा नवखा, नायिका संध्याचा पहिलाच सिनेमा, संगीतकार जोशुआ श्रीधरचाही. ‘मूळ सिनेमा तेलुगू’ हेही खोटं. ‘प्रेमिस्ते’ हे त्याचंच डबिंग. शेवटी वेडापिसा होऊन रस्त्यावर भटकणारा मुरुगन आजही छातीत कळ उठवतो. ज्याने तो लिहिला, त्याचं नाव पुसू नका.