‘जाड तो आळशी’ या मेसेजबद्दल खुलासा

पर्वतीवर सकाळी येणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय : ‘वजन हा शिस्तीचा आरसा. बारीक तो निरोगी, जाड तो आळशी. रोज पर्वती चढा.’ पर्वती जरूर चढा. बाकीचं चुकीचं आहे.

‘बारीक तो निरोगी’ हे खोडून काढणारं काम तर आपल्या पुण्यातलंच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे दिसायला सडपातळ असलेल्या माणसालाही मधुमेहाचा धोका असू शकतो, आणि तो वजनकाट्यावर दिसत नाही.

उलट थायरॉईड मंदावला, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक विकार) असलं, स्टेरॉईड किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं चालू असली, तर वजन वाढू शकतं. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. त्याला आळस म्हणणं अन्याय आहे.

स्वतःची जबाबदारी आहेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण तो बारीक माणसांनाही सांगितलेला आहे. आणि वजन फारसं उतरलं नाही तरी त्याने साखर आणि रक्तदाब सुधारतो.

हा मेसेज आल्यापासून आपल्यातल्या एक ताई टेकडीवर आलेल्या नाहीत. ताई, उद्या या. १०३ पायऱ्या आपण थांबत थांबत चढू.