आफ्रिकेतल्या तंबूबद्दलचा तो फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी

गेले दोन महिने एक फॉरवर्ड फिरतोय. मला आधी आत्याकडून आला, मग ट्रेकच्या ग्रुपवर, आणि परवा तर जे कुटुंब सप्टेंबरात बोत्सवाना-झिंबाब्वेला स्वतः गाडी चालवत जाणार आहे त्यांनीच तो पाठवून विचारलं की बुकिंग रद्द करू का. त्यात म्हटलंय की तिकडे कॅम्पला कुंपण नसतं, सिंह तंबू फाडून माणसं ओढून नेतात, जायचंच असेल तर रात्रभर शेकोटी पेटती ठेवा, तंबू गाडीच्या टपावरचाच घ्या, खाण्याचं सामान तंबूत घेऊन झोपा आणि प्राणी समोर आला तर पळत सुटा. आम्ही हा सगळा भाग तंबूत राहून केलाय, म्हणून एकेक घेतो.

कुंपण नसतं हे सरसकट खरं नाही. नामिबियात एतोशा राष्ट्रीय उद्यानाचे ओकाउक्वेयो, हलाली, नामुतोनी हे कॅम्प कुंपणाच्या आत आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरचे मोठे कॅम्पही. बिनकुंपणाचे म्हणजे बोत्सवानात मोरेमी, सावुती, झिंबाब्वेत माना पूल्स वगैरे. तिथे सिंह आणि तरस रात्री तंबूच्या अगदी जवळून जातात हे खरंच आहे, पण झिप पूर्ण लावलेल्या तंबूला बहुतेक वेळा नुसता वास घेऊन पुढे जातात. अपघात झालेत, ते मी नाकारत नाही, पण धोका खरा वाढतो तो उकडतंय म्हणून झिप उघडी ठेवली की, उघड्यावर झोपलं की, किंवा अंधारात एकटं चालत गेलं की.

शेकोटीचं म्हणाल तर तिकडच्या तरसांना माणसांच्या शेकोट्या रोजच्याच आहेत. बोत्सवानात ख्वाईला आम्ही जेवत होतो, जाळ चांगला कमरेएवढा, आणि बायकोने सहज टॉर्च फिरवला तर वीसेक पावलांवर दोन हिरवट डोळे, आणखी फिरवला तर अजून दोन. शेकोटीने तुम्हाला जवळचं दिसतं, बस. सप्टेंबरात गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, त्यात जाळ तसाच ठेवून झोपणं म्हणजे वणव्याला निमंत्रण, उलट झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची असते.

टपावरचा तंबू छान असतो, आमचाही तोच होता, पण खरा प्रश्न रात्री दोनला लघवी लागली की येतो, कारण शिडी उतरून शेवटी जमिनीवरच यायचंय. उतरण्याआधी चारी बाजूंना टॉर्च फिरवून डोळे चमकतात का बघा, शंका आली तर उतरू नका, बाटली ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टॉयलेटपर्यंत चालत जाणं तर नकोच. सावुतीच्या टॉयलेट-बाथरूमभोवती हत्तींना अडवायला जाड भिंत बांधावी लागलीय, कारण पाण्यासाठी ते नळ-पाइप उपटायचे.

आता खाण्याचं सामान तंबूत घ्या हा सल्ला, मला खरा राग याचा येतो, कारण यानेच माणूस मरेल. हत्तीचं नाक म्हणजे काय चीज आहे हे ज्याने अनुभवलंय तो असं लिहिणारच नाही. माना पूल्समध्ये संत्री-मोसंबी न्यायलाच बंदी आहे, वासाने हत्तींनी गाड्या फोडल्यात. आमच्या तंबूशेजारी अॅना झाडाच्या शेंगा पडलेल्या, पहाटे एक सुळेवाला आला, सोंडेच्या टोकाने एकेक शेंग उचलायचा, तोंडात टाकायचा, आणि कडकड आवाज कापडापलीकडून, पोटातली गुरगुर तर छातीत जाणवत होती. पाऊण तास हलला नाही, तंबूच्या एका दोरीलाही पाय लागला नाही. त्या वेळी आत एक संत्र असतं तर? सगळं खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत, काचा वर, दारं लॉक. भांडी घासून आत. आम्ही एकदा तेलकट तवा बाहेर विसरलो, सकाळी मिळाला तो झुडपात, मुठीवर दातांच्या खुणा.

आणि पळू तर अजिबात नका, पळणाऱ्याच्या मागे सिंह लागतो. उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. हत्तीच्या आणि पिल्लाच्या मधे यायचं नाही, पाणघोडा रात्री काठावर चरायला येतो तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभं राहायचं नाही.

फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते मात्र मला सांगावंसं वाटतं. नामिबियाच्या खडीच्या रस्त्यावर ८० च्या वर गेलात की गाडी हातात राहत नाही, टायरमधली हवा कमी करून चालवा. बोत्सवानात अंधार पडला की डांबरी रस्त्यावर गाढवं आणि गायी उभ्या असतात, संध्याकाळच्या आत मुक्काम गाठा. मोरेमी आणि माना दोन्हीकडे मलेरिया आहे, डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या असतात.

त्या कुटुंबाला मी सांगितलं, रद्द करू नका. मुलांना रात्री एकटं तंबूबाहेर सोडू नका, आणि संत्री मारोंगोराच्या आधी खाऊन संपवा, मानाच्या परवान्यासाठी तिथे थांबावंच लागतं.