ओढा कुठे होता?

पुण्यातल्या मित्रांची भांडणं मी लंडनहून वाचतो. सध्याचा विषय आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजकडून लोंढा आला आणि अरण्येश्वर परिसरात भिंती पाडत, गाड्या उलट्यापालट्या करत गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, जुने नकाशे काढा, पात्र मोकळं करा. दुसरा म्हणतो, मग अर्धं शहर उठवावं लागेल. साहेबाच्या काळातला कागद कवटाळून काय बसायचं? मी काही बोललो की उत्तर ठरलेलं: "तुला काय जातंय तिकडून!"

इथे घर घेताना वकिलाने इतर कागदांसोबत जागेचा पर्यावरण अहवालही मागवला. जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशांवरून त्यात नोंद होती की आमच्या गल्लीमागे वीटभट्टीचा खड्डा होता, पुढे तो बुजवला. घर घेतलंच, पण आधी पाया तपासून.

म्हणजे साहेब फार शहाणा होता असं नाही. हॅम्पस्टेडहून थेम्सला मिळणारी फ्लीट नदी त्यानेच गटारात घातली आणि वरून रस्ते केले. क्लर्कनवेलमध्ये रे स्ट्रीटवर एका पबसमोर लोखंडी जाळी आहे. तिथे वाकून कान दिला की खाली पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. मी पाहुण्यांना मुद्दाम नेतो. येणारे-जाणारे वेड्यात काढतात. ही नदी आता कोणी उकरणार नाही. पण ती नाहीच, असंही कोणी म्हणत नाही.

आपल्याकडचा वाद मला इथेच अडलेला दिसतो. ओढा मोकळा करायचा की नाही, हे महापालिका आणि कोर्ट बघतील, वर्षं लागतील. तोवर फ्लॅट घेणाऱ्याला तो कुठून वाहायचा एवढं तरी कळू द्या. भूमी अभिलेखात गाव नकाशे आहेत, त्यांत ओढे-नाले दाखवलेले असतात. करारनाम्याला त्याची एक प्रत जोडायला कितीसा खर्च येतो?

मामेबहिणीने गेल्या वर्षी तिकडेच फ्लॅट घेतला. वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला: मालक कोण कोण, बोजा कोणाचा, सगळं चोख. मी विचारलं, "गाव नकाशा बघितलास?"

"दादा, आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत."

पार्किंग तळघरात आहे. लिफ्टची मशिनरी कुठे आहे, ते मी अजून विचारलेलं नाही.