बिफ्स म्हणजे झिप केलेली व्हीआरएमएल नव्हे

‘एमपेग-४ म्हणजे व्हिडिओ लहान करण्याचे तंत्र, त्यातले दृश्यवर्णन, म्हणजे बिफ्स, ही नुसती झिप केलेली व्हीआरएमएल होती आणि ती केव्हाच संपली’, असे विधान सतत पुढे पाठवले जाते. (दृश्यवर्णन म्हणजे पडद्यावर कोणती वस्तू कुठे आणि केव्हा दिसावी याची नोंद; व्हीआरएमएल ही त्रिमितीय दृश्ये मजकुरात लिहिण्याची भाषा.) त्यातला मधला भाग सर्वांत जास्त दिशाभूल करतो.

पहिला मुद्दा लगेच निकाली निघतो. आयएसओ/आयईसी १४४९६ या मानकात, म्हणजे एमपेग-४ मध्ये, व्हिडिओचे संक्षेपन भाग २ आणि १० मध्ये आहे, तर दृश्यवर्णनाला भाग ११ स्वतंत्र दिलेला आहे.

झिपची गोष्ट सविस्तर पाहायला हवी. बिफ्सने नोडांची, म्हणजे दृश्यातल्या एकेका घटकाची, मांडणी १९९७ च्या व्हीआरएमएलकडून घेतली, हे खरे. मात्र झिपला पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे तेवढी दिसतात. बिफ्सच्या एन्कोडरला, म्हणजे दृश्य बिटांत लिहिणाऱ्या प्रणालीला, प्रत्येक फील्डचा (नोडमधल्या एकेका गुणधर्माचा) प्रकार ठाऊक असतो. ‘शेप’ नोडच्या ‘जॉमेट्री’ फील्डमध्ये भूमितीचाच नोड येऊ शकतो, म्हणून तेवढ्यांतून एक निवडण्यापुरतेच बिट खर्च होतात, आणि वस्तूचे स्थान किती बिटांत लिहायचे हेही दृश्य रचणाऱ्याला ठरवता येते.

तरीही आकार हा दुय्यम प्रश्न आहे. खरा फरक काळाचा आहे. सामन्याच्या थेट चित्रावर गुणफलक आहे असे समजा. गोल झाल्यावर संपूर्ण दृश्य पुन्हा पाठवावे लागत नाही. अमुक क्रमांकाच्या ‘टेक्स्ट’ नोडमधली अक्षरे बदला, एवढीच ‘रिप्लेस’ आज्ञा टाइमस्टॅम्पसह, म्हणजे ती लागू करायच्या वेळेसह, प्रवाहातून जाते, आणि चेंडू जाळ्यात शिरतो त्याच क्षणी आकडा बदलतो, कारण व्हिडिओ आणि दृश्य एकाच घड्याळावर चालतात. झिप केलेल्या फाइलला हे ‘केव्हा’ सांगताच येत नाही, आणि नेमके तेच या मानकाचे मर्म आहे.

राहिला ‘संपली’ हा दावा. वेब ब्राउझरांनी बिफ्स स्वीकारले नाही, आणि लहान उपकरणांना ते जड जाई म्हणून भाग २० मध्ये लेझर हे हलके वर्णन आले, हे मान्यच करायला हवे. परंतु दक्षिण कोरियात २००५ साली सुरू झालेल्या टी-डीएमबी या मोबाइल दूरचित्रवाणीने बिफ्सच वापरले. पुढे एमपेग या मानके ठरवणाऱ्या गटाने आयएसओ/आयईसी २३०९०-१४ या नव्या दृश्यवर्णन मानकासाठी जीएलटीएफ २.० हे त्रिमितीय दृश्यांचे फाइलस्वरूप पाया म्हणून निवडले, तेव्हा त्यात वेळेशी बांधलेला व्हिडिओ आणि चालू दृश्यातले बदल यांची सोय नव्हती. ती विस्तार म्हणून नव्याने जोडावी लागली.